दोन दूरच्या विमानतळांमधील हवाई अंतर कसे काढावे

सपाट नकाशावर पट्टी ठेवून न्यूयॉर्क ते सिंगापूर अशी रेघ ओढली, तर ती अटलांटिक महासागर, आफ्रिका आणि हिंदी महासागर ओलांडून जाते. पृथ्वीगोलावर मात्र याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाला जवळजवळ खेटून जातो. हा दोरा ज्या वर्तुळावर बसतो त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि हवाई अंतर म्हणजे त्या वर्तुळाचा दोन विमानतळांमधील छोटा कंस. त्यासाठी नकाशा बाजूला ठेवून गणितच करावे.

प्रथम विमानतळ नेमके ठरवावेत. लंडनसारख्या शहरात अनेक विमानतळ असल्याने शहराच्या नावापेक्षा विमानतळाचा तीन अक्षरी संकेत पाहणे बरे. त्यानंतर दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश दशांश अंशांत लिहावेत. ते मिनिटे-सेकंदांत दिलेले असल्यास मिनिटांना ६० ने व सेकंदांना ३,६०० ने भागून ते अंशांत मिळवावेत. दक्षिण अक्षांशाला आणि पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह देण्यास विसरू नये. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ आणि उणे ७३.७८ वर, तर सिंगापूरचा चांगी १.३६ आणि १०३.९९ वर आहे.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करावा (साइन आणि कोसाइन या कोनावरून काढायच्या संख्या, कॅल्क्युलेटरवर sin आणि cos). दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन यांचा वेगळा गुणाकार करून तो पहिल्यात मिळवावा. आपल्या उदाहरणात रेखांशांतील फरक १७७.७७ अंश, पहिला गुणाकार ०.०१५५ आणि दुसरा उणे ०.७५८० येतो, बेरीज होते उणे ०.७४२५. ज्या कोनाचा कोसाइन इतका असतो तो कोन १३७.९५ अंशांचा. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरल्यास एका अंशाचे अंतर १११.२ किलोमीटर भरते, म्हणून उत्तर येते सुमारे १५,३४० किलोमीटर. नॉटिकल मैल हवे असल्यास १.८५२ ने भागावे.

या रीतीचा खरा धोका असा की चुकीचे उत्तरही दिसायला शहाण्यासारखे असते. वरच्या उदाहरणात जेएफकेचे उणे चिन्ह विसरले, तर सुमारे ५,३२० किलोमीटर मिळतात, आणि कॅल्क्युलेटर काहीही तक्रार करत नाही. स्प्रेडशीट कोन अंशांत नव्हे, तर रेडियन या दुसऱ्या एककात मोजते. तिला थेट अंश दिले, तरी बेरीज उणे एक ते एक या मर्यादेतच राहते आणि अंतर शून्य ते २०,००० किलोमीटरच्या आसपास कुठेतरी पडते. म्हणून अंश आधी रेडियनमध्ये बदलावेत, शेवटी मिळालेला कोन पुन्हा अंशांत आणावा आणि उत्तर एकदा पृथ्वीगोलावरच्या दोऱ्याशी ताडून पाहावे.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने या उत्तरात साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, जो घरगुती हिशेबात सोडून देण्यास हरकत नाही. प्रत्यक्ष उड्डाणाचे अंतर मात्र बरेचदा यापेक्षा जास्तच असते, कारण वैमानिक अनुकूल वारे शोधतात आणि बंद हवाई हद्दी टाळतात. सिंगापूरहून न्यूयॉर्कला निघालेले विमान अनेकदा ध्रुवाकडे न वळता पॅसिफिक महासागरावरून पूर्वेकडे जाते, कारण तिथले जोरदार पश्चिमी वारे त्याला मागून ढकलतात आणि लांबच्या वाटेनेही वेळ व इंधन वाचते.