कॅमेऱ्याची बॅग: चिंचलीच्या भंडाऱ्यापासून कणकुंबीच्या पावसापर्यंत

बेळगाव जिल्ह्यात फोटोवर पोट भरायचं म्हणजे आज अथणीच्या धुळीत आणि परवा खानापूरच्या चिखलात उभं राहायचं. त्यामुळे ‘कुठला कॅमेरा भारी’ हा प्रश्न इथे नंतरचा. तो दिवसभर खांद्यावर पेलेल का आणि घरी कोरडा येईल का, हे आधी बघा.

बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, दोन घ्या, एकाच प्रकारच्या बॅटरीवर चालणाऱ्या. दुसरी सेकंडहँड असली तरी चालेल. एका महागड्या बॉडीत सगळे पैसे घालायचा सल्ला देणाऱ्यांनी कधी लग्नाची जबाबदारी घेतलेली नसते. ऐन अक्षता पडताना शटर अडकलं तर तो क्षण परत मिळत नाही.

एका बॉडीवर २४-७० एमएमची झूम लेन्स, दुसरीवर ७०-२००, दोन्ही एफ/२.८ (हा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो). देवळाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यासाठी ५० एमएमची एफ/१.८ खिशात. पैसे कमी असतील तर आधी २४-७० घ्या. बाकीच्या लेन्स घरीच राहू द्या.

चिंचलीच्या मायाक्का देवीच्या यात्रेत लेन्स बदलायचीच नाही, दोन बॉडी त्यासाठीच. भंडारा उधळला की हवाच पिवळी होते, आणि झूम रिंग फिरवताना बारीक करकर ऐकू येते. घरी आल्यावर आधी हाताने दाबायचा हवेचा ब्लोअर, मग कोरडा ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. ओल्या कापडाने सुरुवात केलीत तर हळदीचा लेप बटणांच्या फटीत बसतो.

बॅग दोन्ही खांद्यांवरची, कमरेला पट्टा असलेली. सगळं मिळून पाच-सहा किलो भरतं. गाडीवर जाताना ती पायाशी ठेवू नका. आपल्या रस्त्यांवर हादऱ्यांनी लेन्सचे स्क्रू सैल होतात.

आता ओलीबद्दल. इथे मी मार खाल्लाय, म्हणून सविस्तर सांगतो.

एका जुलैत जांबोटीकडे रोप लावणीचे फोटो काढत होतो. बॅगेला रेन कव्हर होतं, कॅमेऱ्यावर एक थेंब पडला नाही. रात्री घरी आलो, चेन तशीच बंद ठेवून बॅग कॉटखाली सरकवली. तो सगळा पावसाळा असंच केलं. दसऱ्याला उन्हासमोरचे फोटो धुरकट येऊ लागले. लेन्समागून टॉर्च मारून पाहिलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी! कारागिराने लेन्स उघडून ती पुसली, पण तिने खाल्लेलं काचेवरचं कोटिंग परत आलं नाही. अशी लेन्स विकायलाही जीव होत नाही.

चूक कुठे झाली ते नीट समजून घ्या. रेन कव्हर बाहेरचं पाणी अडवतं. पण बॅगेची पाठीकडची बाजू उघडीच असते, तिथून तुमचा घाम आणि पागोळ्यांचं पाणी आतल्या फोममध्ये मुरतं. हाताला फोम कोरडा लागतो, पण तो रात्रभर ओल सोडत राहतो. ओल, अंधार आणि कोंदट हवा, बुरशीला एवढंच लागतं.

म्हणून कितीही दमलात तरी जेवायच्या आधी बॅग रिकामी करा. फोमचे कप्पेसुद्धा काढा. सगळं पंख्याखाली पसरा, बॅग उलटी टांगा. हेअर ड्रायर लावू नका. तांदळात तर मुळीच पुरू नका, त्याची पिठूळ धूळ रिंगमध्ये शिरते. सकाळी लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या टाकून निर्धास्त राहू नका, त्या कधीच्या ओल पिऊन बसलेल्या असतात. रंग बदलणारे सुटे दाणे आणा. रंग बदलला की मंद आचेवर तापवले की पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, त्यासाठी जुना तवा वेगळा ठेवा. स्वयंपाकाचा वापरू नका.

याच्याच जोडीचा दुसरा त्रास बाष्पाचा. एसी गाडीतून कणकुंबीच्या दमट हवेत उतरलात आणि लगेच कॅमेरा काढलात, तर गार काचेवर धुकं धरतं. ते पुसत बसू नका, कारण पुसलं तरी पुन्हा धरतं. आणि घाईत लेन्स बॉडीवरून काढलीत तर तेच बाष्प सेन्सरवर जातं. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा खाली करा. ते जमलं नाही तर कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवूनच बाहेरच्या हवेला येऊ द्या. धुकं धरलं तरी पिशवीवर धरेल.

जूनपासून दिवाळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी लेन्स डब्यातून काढा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारून आत बघा. एक धागा जरी दिसला तरी ती लेन्स वेगळी ठेवा आणि त्याच आठवड्यात कारागिराकडे न्या.