मतदान केंद्रांपासून सशस्त्र दले दूर ठेवण्याची मागणी अमेरिकेतील काउंटीकडे (जिल्हा प्रशासनाकडे) कशी करावी

भारतात जिल्हा परिषदेच्या शाळेत बंदूकधारी जवानाच्या पहाऱ्यात मतदान केलेल्या मराठी माणसाला ही मागणी सुरुवातीला विचित्र वाटेल, कारण तेथे तो जवान निवडणूक आयोगाच्या आदेशाने, मतदार निर्धास्त राहावा म्हणून उभा असतो. अमेरिकेतील परंपरा नेमकी उलटी आहे. सशस्त्र शत्रूला परतवून लावण्यासाठी आवश्यक असल्याखेरीज मतदानाच्या ठिकाणी सैन्य किंवा सशस्त्र माणसे आणणाऱ्या संघीय अधिकाऱ्याला फौजदारी संहितेच्या कलम ५९२ नुसार ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अर्ज लिहिण्यापूर्वी आपल्या राज्याचा कायदा पाहावा. न्यू जर्सीत २०२२ पासून काही अपवाद वगळता पोलिसांना केंद्रापासून १०० फुटांच्या आत थांबता येत नाही. पेनसिल्व्हेनियातही १०० फुटांचीच मर्यादा आहे, तर कॅलिफोर्नियात गणवेशातील पोलीस किंवा खासगी रक्षक नेमण्यासाठी निवडणूक अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. जेथे असा कायदा आहे, तेथे नवा ठराव मागण्यापेक्षा अंमलबजावणीचा हिशेब मागणे अधिक उपयोगाचे.

मागणी मोघम असू नये. ‘केंद्रांवर भयमुक्त वातावरण ठेवावे’ या वाक्याला कोणीही मान डोलावतो आणि पुढे काहीच होत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘केंद्रप्रमुखाने बोलावल्याखेरीज स्थानिक पोलीस किंवा शेरीफचा (काउंटीच्या पोलीसप्रमुखाचा) माणूस १०० फुटांच्या आत थांबणार नाही, संघीय अधिकारी आल्यास केंद्रप्रमुख त्यांचे नाव, खाते व वेळ नोंदवून काउंटीच्या वकिलास तत्काळ फोन करील.’ संघीय दलांना हुकूम सोडणे काउंटीच्या हाती नाही, त्यामुळे तशी मागणी केल्यास ‘हे आमच्या अखत्यारीत नाही’ एवढ्या उत्तरावर आपली बोळवण होईल. स्वतःचे पोलीस, केंद्र कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि केंद्राची जागा मात्र स्थानिक यंत्रणेच्याच हाती असते. मतदान पोलीस ठाण्याच्याच इमारतीत होत असेल, तर जागा बदलण्याची मागणी वेगळ्या परिच्छेदात करावी.

अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर येणारी संसदेची निवडणूक ३ नोव्हेंबर २०२६ रोजी आहे. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण त्याआधीच उरकत असल्याने काउंटी मंडळाची उन्हाळ्यातील सभाच गाठावी. नागरिकांना बोलायला बहुधा दोन-तीन मिनिटेच मिळतात. तेवढ्यात पक्षाचे नाव न घेता एकच मागणी मांडावी आणि पत्र इतिवृत्तास जोडण्याची विनंती करावी. दाखला हवाच असेल, तर १९८१ साली न्यू जर्सीत रिपब्लिकन पक्षाच्या वतीने अल्पसंख्याकांच्या वस्त्यांतील केंद्रांवर दंडपट्ट्या बांधलेले, सुटीवरचे पोलीस उभे केले गेले होते, हा पुरेसा आहे. त्यावरील खटल्यातून निघालेल्या तडजोडीच्या हुकूमनाम्याने राष्ट्रीय रिपब्लिकन समितीला असे प्रकार न करण्यास सुमारे साडेतीन दशके बांधून ठेवले. ग्रीन कार्डधारकांना संघीय निवडणुकीत मतदान करता येत नाही, पण रहिवासी म्हणून सभेत बोलता येते, हे आपल्या मंडळींपैकी अनेकांच्या लक्षात नसते.

सभेनंतर दोन आठवड्यांत लेखी उत्तर न आल्यास सार्वजनिक अभिलेखांच्या कायद्याखाली केंद्र कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण पुस्तिकेची प्रत मागवावी, आणि तिच्यात सशस्त्र व्यक्ती आल्यास काय करावे याची सूचना आहे की नाही, हे तपासून पुढचे पत्र लिहावे.