जुन्या क्वाड बाइकला (चार चाकांच्या मोटरसायकलला) स्पार्क येत नसेल, तर आधी किल स्विच (इंजिन बंद करण्याचा स्विच) तपासा

स्टार्टर फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही, अशा वेळी महागडे सीडीआय युनिट (ठिणगीसाठी वीज पुरवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलण्याआधी ही तपासणी अवश्य करावी.

स्पार्क प्लग काढून त्याच्या वायरीच्या कॅपमध्ये बसवावा, त्याचे आटे इंजिनच्या उघड्या धातूला टेकवावेत आणि स्टार्टर फिरवून ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल, तर हँडलवरील किल स्विचचा कनेक्टर सोडवून पुन्हा पाहावे. ज्या गाड्यांत हा स्विच इग्निशनला, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेला, गाडीच्या धातूशी जोडून (‘अर्थ’ करून) इंजिन बंद करतो (जुन्या क्वाडमध्ये ही रचना बरीच आढळते), तिथे ठिणगी परतली तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत असतो आणि बहुधा संपर्कबिंदू साफ करून भागते.

प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून ठिणगी त्यापासून दूर ठेवावी.