पालिकेकडे पाणी-कचऱ्याची माहिती मागताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला आठव्या-दहाव्या दिवशी पाणी येतं, तेही पिवळट. हंड्याच्या तळाशी बोटभर गाळ. अशा वेळी चिडून लिहिलेला माहिती अधिकाराचा अर्ज कसा असतो ते मला पाठ आहे, कारण माझा पहिला अर्ज तसाच होता. 'नागरिकांना दूषित पाणी का पाजले जाते? जबाबदार कोण? कारवाई कधी?' अशी अडीच पानं. महिनाभरानं एका ओळीचं उत्तर आलं: माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. पुढे त्याच कार्यालयातल्या एका जुन्या कारकुनानं टपरीवर चहा पिता पिता माझे कान टोचले. "सर, जाब नका मागू, कागद मागा. जाब आमच्याकडं नसतो, रजिस्टर असतं."

कायदाही तेच म्हणतो. २००५ च्या माहितीच्या अधिकारात मिळतं ते दप्तरी असलेलं: नोंदवह्या, अहवाल, देयकं, करारनामे, अगदी साहित्याचे नमुनेसुद्धा. दप्तरी नसलेली माहिती नव्याने तयार करून देणं किंवा मत मांडणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. तेव्हा अर्ज लिहून झाला की त्यातला प्रत्येक 'का' खोडा आणि त्याचं उत्तर कोणत्या कागदात सापडेल ते तिथे लिहा.

आता हा कागद कोणता, हे ठाऊक नसणं ही दुसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. 'पाण्याच्या शुद्धतेबाबत सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की 'माहिती व्यापक स्वरूपाची आहे' असं उत्तर ठरलेलं. त्याऐवजी असं लिहून पाहा:

'विषय: नळयोजनेच्या पाण्याची तपासणी. कालावधी: १ मार्च ते ३१ मे २०२५. (१) या काळात प्रयोगशाळेकडे पाठवलेल्या पाणी नमुन्यांचे तपासणी अहवाल. (२) क्लोरीन तपासणीची (ओटी टेस्ट) दैनंदिन नोंदवही. (३) तुरटी व ब्लिचिंग पावडरची साठा नोंदवही आणि खरेदीची देयके.'

तिसरा मुद्दा मुद्दाम घातलाय. ओटी टेस्टचं रजिस्टर बहुतेक वेळा देखणं असतं. रोज तीच शाई, तेच अक्षर, क्लोरीन रोज व्यवस्थित. पण ब्लिचिंग पावडर साठ्यात १२ तारखेला संपलेली आणि नवी २० ला आलेली असेल, तर मधल्या आठवड्यात पाण्यात क्लोरीन आला कुठून? हा प्रश्न अर्जात विचारायचा नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले की तो आपोआप पडतो, आणि मग तक्रार अर्जात किंवा सभेत विचारता येतो. टँकरचंही असंच. खेपांचं लॉगबुक, ठेकेदाराचं देयक आणि जीपीएसची नोंद अशा तिन्ही गोष्टी एकाच आठवड्याच्या मागा. वर्षाच्या मागाल तर गठ्ठा येईल आणि तुम्हीच वाचणार नाही.

कचऱ्यासाठी ठेकेदाराचा करारनामा, वजनकाट्याच्या पावत्या आणि पालिकेनं प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवलेला वार्षिक अहवाल. झाडांसाठी वृक्षगणना, तोडीची परवानगी आणि त्याआधी काढलेली जाहीर सूचना. महानगरपालिका असेल तर पर्यावरण स्थिती अहवालही मागा. २०१८ मध्ये औरंगाबादजवळच्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा सगळ्या शहराला तिथला कचरा डेपो दिसला. कागद वेळेवर बघितले तर असला उकिरडा जरा आधी दिसतो, एवढंच.

अर्जाच्या बाह्यरूपातही लोक अडकतात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. पाणी, कचरा, झाडं असे तिन्ही विषय एका कागदावर कोंबू नका. नमुना जोडपत्र 'अ', त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पोस्टल ऑर्डर केंद्राच्या कार्यालयांत चालते, ती इथे लावून बसू नका. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. माहिती कशासाठी हवी ते लिहिण्याची गरज नाही आणि लिहूही नये. छोट्या गावात अर्ज सकाळी दिला की संध्याकाळी ठेकेदाराचा फोन येतो. कारण लिहिलेलं असेल तर त्याला बोलायला विषय मिळतो.

पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही. 'ठेवून जा, साहेब आले की देतो' या वाक्यावर माझा एक अर्ज कायमचा गेला.

'हा विषय आमचा नाही' असं उत्तर आलं तर? योजना जीवन प्राधिकरणाकडे, टँकर तहसीलकडे, रस्त्याकडेची झाडं बांधकाम विभागाकडे, हे खरं असू शकतं. पण मग कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे वर्ग करणं त्यांचंच काम आहे. पैसे भरण्याचं पत्र आलं तर पानांचा हिशोब बघा. दर पानाला २ रुपये. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस उत्तराच्या तीस दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. उलट तीस दिवस उलटून गेले असतील तर माहिती फुकट द्यावी लागते. 'माहिती निरंक' म्हणजे असं काही झालंच नाही, आणि 'अभिलेख आढळून येत नाही' म्हणजे कागद गहाळ. या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं आलं तर अपिलात सार्वजनिक अभिलेख अधिनियमाचा उल्लेख करून शोध घेण्याची आणि जबाबदारी ठरवण्याची मागणी करा.

मुदत संपल्यावर स्मरणपत्रं पाठवत बसणं ही सभ्य माणसांची चूक. स्मरणपत्राला कायद्यात जागा नाही. उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तराची मुदत संपल्यापासून, तीस दिवसांत पहिलं अपील करायचं, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. ग्रामपंचायतीच्या बाबतीत ते सहसा पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्यांकडे जातं. दुसरं अपील नव्वद दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे, आमच्याकडे ते छत्रपती संभाजीनगरचं. तिथे सुनावणी लागेपर्यंत दोन उन्हाळे जाऊ शकतात, म्हणून मी त्या वाटेला शेवटी जातो.

त्याआधी एक सोपी वाट आहे, आणि ती लोक विसरतात. शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ दप्तर बघायला मिळतं. जाताना आदेशाची प्रत खिशात असू द्या, कारण समोरच्यानं त्याचं नावही ऐकलेलं नसेल. नोंदवही मागा, हवी ती पानं शोधा, त्यांचे क्रमांक वहीत उतरवा. मग पुढच्या अर्जात फक्त तेवढीच पानं मागायची. माझ्या गेल्या अर्जाला एकूण १४ रुपये लागले, आणि त्याला 'व्यापक स्वरूपाची' म्हणायला कुणाला जागा उरली नाही.