दाढेचा ठणका, गालाची सूज, पडलेला दात: या चुका टाळा

रात्री दोन वाजता दाढ ठणकायला लागली की माणूस सगळं घर उठवतो. तोच माणूस चार दिवसांनी ठणका ओसरून गाल फुगला तर ‘आता बरं आहे, सोमवारी बघू’ म्हणतो. खरं तर घाई या दुसऱ्या वेळी करायची असते. दातांच्या बाबतीत दुखणं किती आहे यावरून धोका किती आहे ते ठरत नाही, आणि बहुतेक चुका या एका गैरसमजातून होतात.

दाताच्या आतली नस कडक कवचात बंद असते. तिला सूज आली तरी फुगायला जागा नसते, म्हणून दाब वाढतो आणि ठणका लागतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून रात्री तो जास्त जाणवतो. पुढे दोनपैकी एक होतं. एक तर नस मरते आणि दुखणं एकाएकी थांबतं. किंवा मुळाशी साठलेला पू हाड पोखरून बाहेरच्या मऊ भागात उतरतो, दाब सुटतो आणि बरं वाटतं. दोन्ही वेळा आजार आत चालूच असतो. त्यामुळे दुखणं आपोआप थांबलं म्हणून घेतलेली अपॉइंटमेंट रद्द करणं ही पहिली चूक.

दवाखान्यात की थेट हॉस्पिटलात?

खालच्या मागच्या दाढांची, विशेषतः अक्कलदाढेची मुळं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली पोचलेली असतात. तिथला पू तोंडात न फुटता मानेकडे उतरू शकतो आणि श्वासाची वाट दाबू शकतो. पुढच्यापैकी एकही लक्षण दिसलं तर दाताच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा: हनुवटीखाली किंवा मानेत घट्ट सूज, जीभ वर उचलली जाणं, लाळही गिळता न येणं, आवाज घोगरा किंवा तोंडात घास असल्यासारखा होणं, थंडी वाजून ताप, सूज डोळ्यापर्यंत चढणं. तोंड किती उघडतं तेही पाहा. साधारणपणे स्वतःची तीन बोटं उभी मावतात. एकच मावत असेल तर संसर्ग चावण्याच्या स्नायूंपर्यंत गेला आहे असं समजा. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा आणि रुग्णाला बसवूनच न्या, आडवं झोपवू नका. मधुमेह असलेल्यांनी लहानशा सुजेलाही थांबू नये.

आणखी एक गोष्ट: खालचा जबडा दुखतोय, पण कुठली दाढ ते बोटाने दाखवता येत नाही, सोबत घाम, छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ आहे, तर ते दाताचं नसून हृदयाचं असू शकतं. आधी ईसीजी, दाढ नंतर.

घरात होणारे उद्योग

कपाटातली उरलेली अँटिबायोटिकची पट्टी हा आपल्याकडचा आवडता इलाज. नस नुसती सुजलेली असते तेव्हा अँटिबायोटिकने दुखणं कमी होत नाही. आणि नस मेलेली असेल तर तिथे रक्तपुरवठाच नसतो, मग औषध पोचणार कसं? दात उघडून दाब काढणं, पू वाहता करणं किंवा दाढ काढणं हाच इलाज. ताप किंवा पसरती सूज असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात, पण तेही या कामाच्या जोडीला.

अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवू नका. तिथे ती वेदना थांबवत नाही, उलट हिरडी आणि गाल भाजून पांढरे पडतात. लवंगतेल चालतं, पण कापसाच्या छोट्या बोळ्यावर एक थेंब घेऊन फक्त किडीच्या खड्ड्यात ठेवा. हिरडीला चोळलं तर तीही भाजते. सुजलेल्या गालाला गरम शेक देऊ नका, पू बाहेरच्या कातडीकडे ओढला जातो आणि गालावर कायमचा व्रण राहू शकतो. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं लावा, मग थोडा वेळ थांबा. धडधाकट मोठ्या माणसाने रात्र काढण्यापुरती पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी घ्यावी, किंवा जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४००. मात्र अल्सर, किडनीचा आजार, दमा, गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधं किंवा डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन नको. आणि गोळीवर चार-चार दिवस काढू नका, ती फक्त सकाळ उजाडेपर्यंतची सोय आहे.

पडलेला दात: इथे मिनिटं मोजायची

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चेंडू तोंडावर बसतो, पटाशीचा दात मुळासकट बाहेर येतो आणि घरचे तो कागदात किंवा रुमालात गुंडाळून आणतात. दाताच्या मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो आणि दात पुन्हा धरतो तो त्याच्याच जोरावर. कोरडा राहिला तर तासाभरात त्या पेशी मरतात. पाण्यात बुडवून ठेवला तर पेशी पाणी शोषून फुटतात, म्हणून पाण्याची वाटीही नको.

दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती असेल तर दुधात किंवा सलाईनमध्ये हलकेच विसळा; काहीच नसेल तर नळाच्या गार पाण्याखाली फार तर १० सेकंद. घासायचं नाही, पुसायचं नाही, डेटॉल तर मुळीच नाही. मग शेजारच्या दाताकडे बघून गुळगुळीत, चकचकीत बाजू बाहेर ठेवत तो खाचेत हळू बसवा, स्वच्छ रुमाल चावायला द्या आणि निघा. डॉक्टर तो शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधतात. बसवायचं धाडस होत नसेल तर पिशवीतल्या थंड, साध्या दुधात बुडवून न्या. ताक, दही, लिंबूपाणी नको. टिटॅनसचं इंजेक्शन कधी झालं तेही सांगा. मार लागल्यावर मूल बेशुद्ध झालं असेल किंवा उलट्या करत असेल, तर दात बाजूला, आधी हॉस्पिटल.

हे सगळं फक्त कायमच्या दाताला लागू आहे. दुधाचा दात परत बसवायचा नसतो. खालून येणाऱ्या कायमच्या दाताला इजा होते. सात-आठ वर्षांच्या मुलाचा दात कुठला ते कळत नसेल तर न बसवता दुधात घालून न्या.

दाढ काढल्यानंतरचं रक्त

गॉझ दर पाच मिनिटांनी काढून बघायचा आणि चूळ भरून थुंकायचं, यानेच रक्त चालू राहतं. खाचेत धरलेली गुठळी दर वेळी उखडते. स्वच्छ गॉझची घडी ओली करून खाचेवर ठेवा आणि घड्याळ लावून ३० मिनिटं चावून धरा, मध्ये उघडू नका. दोनदा असं करूनही तोंड रक्ताने भरत असेल तर निघा. पहिले २४ तास लाळेला गुलाबी झाक राहते, त्याची चिंता नको. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती दाढ काढण्याआधी दाताच्या डॉक्टरला सांगायची असते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळा येऊ लागल्या आणि तोंडाला वास आला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. तंबाखू, मिश्री, विडी ओढणाऱ्यांत हे जास्त दिसतं. जिवाला धोका नाही, पण अँटिबायोटिकही कामाचं नाही. खाच धुऊन औषधाची पट्टी भरली की बहुधा त्याच दिवशी आराम पडतो.

निघालेली कॅप मात्र खुशाल सकाळपर्यंत डबीत ठेवा. फेविक्विकने चिकटवू नका. ती वाकडी बसली तर डॉक्टरला कापून काढावी लागते, आणि नव्या कॅपचा खर्च तुमच्याच माथी येतो.