धूमकेतूवर जेट सापडला? थांबा, आधी या चुका टाळा

एखादा बरा धूमकेतू सूर्याजवळ आला की महिन्याभरात माझ्याकडे चित्रं यायला लागतात. "सर, तीन जेट दिसताहेत, बघा ना." बघतो. जेट म्हणजे धूमकेतूच्या गाभ्यातून सुटलेला धुळीचा झोत. बहुतेक वेळा जेट धूमकेतूवर नसतात, ते चित्रावर चालवलेल्या संगणकी फिल्टरमधून जन्मलेले असतात. पाठवणाऱ्याने कच्चं चित्र जोडलेलं नसतं, केंद्र कुठे धरलं तेही लिहिलेलं नसतं. शोध मात्र लागलेला असतो.

लार्सन-सेकानिना फिल्टर १९८४ सालापासून वापरात आहे. गाभ्याभोवती चित्र थोडं डावीकडे आणि थोडं उजवीकडे फिरवायचं, आणि ती दोन्ही फिरवलेली चित्रं मूळ चित्राच्या दुपटीतून वजा करायची. कोमाचा, म्हणजे गाभ्याभोवतीच्या धूळ-वायूच्या ढगाचा, गोल, मंद उजेड निघून जातो आणि त्यात दडलेल्या रेषा चाकाच्या आऱ्यांसारख्या वर येतात. हत्यार झकास आहे, पण त्याचा सगळा डोलारा एका बिंदूवर उभा आहे. तो बिंदू पिक्सेलभर सरकला तरी गाभ्यालगत एका बाजूला उजळ आणि एका बाजूला काळा पट्टा तयार होतो, आणि तो जेटहून जास्त जेटसारखा दिसतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात दोन-दोन मिनिटांची बावीस चित्रं एकमेकांवर रचून मी एक 'दुहेरी जेट' शोधला होता. एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशेला दोन देखणे पंख. तीन आठवडे त्यावर घालवले, गाभ्याच्या अक्षाची दिशा काढली, परिषदेसाठी सारांशही लिहून ठेवला. आमच्या गटातल्या ज्येष्ठ मॅडमनी चित्र पाहिलं आणि एवढंच विचारलं, "केंद्र कुठे धरलंयस?"

"सर्वांत उजळ पिक्सेलवर, मॅडम."

"आणि चित्रं रचताना धूमकेतूची गती?"

गती मी संध्याकाळची टाकली होती आणि चित्रं पहाटेची होती. तेवढ्या वेळात गती थोडी बदलली होती, त्यामुळे रचलेल्या चित्रात गाभा लांबट झाला होता आणि उजळ पिक्सेल त्याच्या एका टोकाला बसला होता. मॅडमनी केंद्र दीड पिक्सेल सरकवलं. एक पंख गेला. उलट बाजूला सरकवलं तर दोन्ही पंख फिरून दुसऱ्याच दिशेला उभे राहिले. सारांश मी त्याच दुपारी मागे घेतला.

तेव्हापासूनची माझी सवय अशी: कुठलंही चित्र पाच वेळा फिल्टर करायचं. एकदा ठरवलेल्या केंद्रावर आणि मग वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेक पिक्सेल सरकवून. पाचही शेजारी लावायची. जे पाचही चित्रांत जागेवर राहतं त्याच्याबद्दल बोलायचं, बाकी सोडून द्यायचं. शिवाय दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे गाभ्याभोवतीच्या प्रत्येक वर्तुळाच्या सरासरी उजेडाने भागूनही एकदा बघतो. केंद्र तिथेही लागतंच, पण तिथली चूक वेगळ्या रूपात दिसते, आणि दोन वेगवेगळ्या चुका एकच खोटा जेट क्वचितच बनवतात. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं कुणी म्हटलं की मी माझे तीन आठवडे मोजून दाखवतो.

बरं, समजा जेट खरा निघाला. मग पुढची उडी ठरलेली: "म्हणजे तिथे भोक आहे आणि त्यातून वाफ उसळतेय." ६७पी धूमकेतूभोवती रोझेटा यान ऑगस्ट २०१४ ते सप्टेंबर २०१६ फिरलं, तेव्हा बऱ्याच जेटचा माग भेगाळलेल्या कड्यांपर्यंत गेला. काही खड्ड्यांच्या भिंतींवरूनही धूळ उडताना दिसली, पण झऱ्यासारखं भोक गृहीत धरण्यासारखं चित्र नव्हतं. १० जुलै २०१५ ला आस्वान नावाच्या कड्याच्या बाजूने धुळीचा मोठा फवारा दिसला. पाच दिवसांनी तोच कडा ढासळलेला आणि आतला ताजा बर्फ उघडा पडलेला सापडला, आजूबाजूच्या काळ्या जमिनीपेक्षा निदान सहा पट उजळ. आणि चित्रात जेट म्हणून दिसते ती उन्हात चमकणारी धूळ असते. वायू त्या चित्रात दिसतच नाही. दऱ्या आणि कडे वायूचा प्रवाह एकवटतात, धूळ त्यासोबत वाहते आणि लांबून तिची काठी दिसते. त्या काठीच्या मुळाशी नेमकं काय आहे, ते जमिनीवरच्या दुर्बिणीतून सांगणाऱ्याचं मला कौतुक वाटतं आणि काळजीही.

रचनेबद्दलच्या चुका याहून जास्त चिकट आहेत. वर्णपटात ३८८ नॅनोमीटरला सीएनचा (कार्बन-नायट्रोजन जोडीचा) पट्टा उठून दिसला की नवशिका लिहितो, "सायनोजेनचं प्रमाण प्रचंड." १९१० साली हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू असल्याची बातमी आली, तेव्हा लोकांनी दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या होत्या. ते साधे लोक होते, आपल्याकडे निदान तक्ते आहेत. पट्टा ठळक दिसतो तो सीएन उन्हात जोरात चमकतो म्हणून. हायड्रोजन सायनाइड हा त्याचा मुख्य जनक मानला जातो, आणि तो पाण्याच्या तुलनेत साधारण हजारात एक-दोन भाग असतो. कोमातले सीएन, सी२ (कार्बनची जोडी), ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) हे सगळे तुकडे आहेत. गाभ्यातून निघालेले मूळ रेणू उन्हाने फोडल्यावर उरलेले. तुकडे मोजून मूळ माल किती होता ते काढायला हासरचं प्रारूप, म्हणजे रेणू कोमात किती अंतरावर फुटतात याचं गणित, लागतं. सीएनसाठी धूमकेतूचा सूर्याकडे येण्या-जाण्याचा वेगही हिशेबात घ्यावा लागतो, कारण सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा त्या वेगाने सरकतात आणि सीएनला मिळणारा उजेड कमी-जास्त होतो. याला स्विंग्ज परिणाम म्हणतात. तो न घेता काढलेला आकडा मी वाचतच नाही.

दुसरं असं की कोमा म्हणजे गाभा नव्हे. ६७पीचा अक्ष बराच कललेला, त्यामुळे तिथे कडक ऋतू आहेत. यान पोचलं तेव्हा उत्तरेकडून मुख्यतः पाणी निघत होतं आणि दक्षिणेकडच्या भागावर कार्बन डायऑक्साइडचा जोर होता. गाभा एकच, पण ज्या बाजूने आणि ज्या महिन्यात मोजाल तसं गुणोत्तर बदलतं. एका रात्रीचा वर्णपट घेऊन "या धूमकेतूची रचना अशी" हे वाक्य लिहू नका, तारीख आणि सूर्यापासूनचं अंतर घालून लिहा.

पाण्यातल्या जड हायड्रोजनचं साध्या हायड्रोजनशी जे गुणोत्तर असतं, त्याचंही तेच. २०११ मध्ये हार्टली-२ धूमकेतूचं गुणोत्तर आपल्या समुद्राशी जवळपास जुळलं आणि "समुद्र धूमकेतूंनी आणला" असा गजर झाला. २०१४ मध्ये ६७पीचं गुणोत्तर समुद्राच्या तिपटीहून जास्त निघालं आणि गजर उलटा फिरला. २०२४ मध्ये ६७पीच्याच मोजमापांचं पुन्हा विश्लेषण झालं, तेव्हा यानाजवळच्या धुळीमुळे तो आकडा फुगला असावा असं दिसलं. एकेका धूमकेतूवर सगळ्या समुद्रांचं ओझं टाकणाऱ्यांनी या तेरा वर्षांकडे एकदा नीट बघावं.

बाकीच्या चुका पटापट:

ज्या वर्तुळातला उजेड मोजता ते पिक्सेलमध्ये ठरवू नका, किलोमीटरमध्ये ठरवा. आपल्यापासून एक खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर) दूर असलेल्या धूमकेतूवर एक कोनीय सेकंद (अंशाचा ३६००वा भाग) म्हणजे सुमारे ७२५ किमी. धूमकेतू निम्म्या अंतरावर आला की तेच वर्तुळ निम्मीच कोमा पकडतं, आणि तुम्ही म्हणता क्रिया, म्हणजे धूळ-वायू सोडणं, मंदावली. मी दहा हजार किमी धरतो आणि हंगामभर तेच ठेवतो.

यानाच्या फोटोत गाभा खडूसारखा दिसतो तो चित्राचा उजेड ताणल्यामुळे. हॅलेचा गाभा उन्हाचा जेमतेम ४ टक्के प्रकाश परतवतो, ६७पीचा ६.

सूर्यापासून सहा एककांवर दिसणारी क्रिया पाण्याच्या बर्फावर ढकलू नका, तिथे त्याचं संप्लवन (बर्फाची थेट वाफ होणं) नगण्य असतं. सी/२०१७ के२ हा धूमकेतू तर सोळा एककांवर धूळ सोडत होता. तिथे कार्बन मोनॉक्साइडसारख्या अस्थिर बर्फांकडे बघायचं.

दुर्बिणीवरच्या ढोबळ लाल फिल्टरमधून (रंगीत काचेतून) धूळ मोजताना त्यात वायूचे पट्टे किती मिसळलेत ते बघा. हिरव्या फिल्टरने तर धूळ मोजूच नका, तिथे सी२ ठाण मांडून असतो.

आणि उद्रेक, म्हणजे धूमकेतू अचानक उजळणं. होम्सचा धूमकेतू ऑक्टोबर २००७ मध्ये दोन दिवसांच्या आत सतराव्या प्रतीवरून (तेजाचं माप, आकडा लहान तितका उजेड जास्त) तिसरीहूनही उजळ झाला, तेव्हा कुणाला फिल्टर लावावा लागला नाही. तुमचा उद्रेक अर्ध्या प्रतीचा असेल, तर आधी ताऱ्यांचा कॅटलॉग उघडा आणि त्या रात्री वर्तुळात कोण शिरलं होतं ते बघा. माझ्याकडे आलेल्या शेवटच्या उद्रेकाला कॅटलॉगमध्ये क्रमांक होता.