जुना लाकडी पक्षी घेताना आधी तो उलटा करा

अमेरिकन लोककलेतले कोरीव, रंगवलेले पक्षी घेताना नेहमीची पंचाईत एकच: रंग खरंच जुना आहे, की मुद्दाम 'जुना' केलेला? विक्रेता पुढून दाखवतो. आपण मागून बघायचं.

१. पक्षी उलटा करा. बूड, काठीचं भोक, खिळे बघा. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आला. लाकडात पक्षी कोरणारा पेनसिल्व्हेनियातला कारागीर विल्हेल्म शिमेल १८९० साली वारला, त्यामुळे त्याच्या म्हणून दाखवलेल्या गरुडात असा स्क्रू निघाला, तर निदान तो भाग तरी नंतरचा.

२. झीज कुठे आहे ते बघा. खरी झीज चोच, शेपटीचं टोक, पाठीचा उंचवटा अशा हात लागणाऱ्या जागी असते. पिसांच्या खोल खाचांतही सारखाच रंग उडालेला असेल तर काम सँडपेपरचं समजा.

३. खोली अंधारी करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा. साध्या उजेडात एकसारखा दिसणारा रंग इथे ठिगळासारखा वेगळा उठून दिसला, तर तिथे नवा हात मारलाय. मात्र चोच दुरुस्त केलेली असणं हा काही गुन्हा नाही. किंमत मात्र त्या हिशोबाने करा. नोटा तपासायची साधी टॉर्चही पहिल्या नजरेला पुरते.

एक सांभाळा: मळ दिसला म्हणून ओलं फडकं किंवा थिनर लावू नका. मूळ रंग गेला की अर्धी किंमत तिथेच गेली. धूळ मऊ, कोरड्या ब्रशनेच झटका, आणि रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर तेवढंही नको.